जेडब्ल्यूटी लॉगिन: द्राक्षांचा एक हंगाम वापरून झाल्यावर

पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउससाठी आम्ही वजनाच्या आणि क्रेटच्या नोंदींचा एपीआय (मोबाइल अ‍ॅप सर्व्हरशी ज्यातून बोलतं तो दुवा) चालवतो. आधी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड होता, तोही काट्यामागच्या भिंतीवर खडूने लिहिलेला. नोव्हेंबरात एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये जेडब्ल्यूटी लॉगिन (एकदा पासवर्ड टाकला की सर्व्हर सही केलेलं टोकन, म्हणजे डिजिटल पास, देतो; पुढे तोच दाखवायचा) आणि तीन रोल बसवले: मालक, सुपरवायझर, काटेवाला.

बसवायला दोन दिवस पुरले. कोडमध्ये ऑथेंटिकेशनची (कोण ते ओळखायची) ओळ ऑथरायझेशनच्या (परवानगी तपासायच्या) ओळीखाली गेली होती, म्हणून अर्धा दिवस सगळ्यांना ४०१ (ओळख पटली नाही) ही एरर येत होती, तेवढंच.

खरी फजिती फेब्रुवारीत झाली. मालकांच्या सांगण्यावरून सकाळी एकाचा सुपरवायझर रोल काढला. दुपारी त्यांचा फोन: "काय हो, काढलं म्हणाला होतात ना? हा तर अजून वजनं बदलतोय!" चूक माझीच. शिफ्टमध्ये पुन्हा लॉगिन नको म्हणून मी टोकनची मुदत आठ तास ठेवली होती. रोल टोकनमध्येच लिहिलेला, सही बरोबर, मुदत बाकी. सर्व्हर डेटाबेसला विचारायला जातोच कशाला? डेटाबेसमध्ये मी काय बदललं याचा त्या टोकनला पत्ताच नव्हता.

मुदत १५ मिनिटांवर आणली, तरी टोकन २० मिनिटं चालायचं. घड्याळांतला फरक सांभाळायला 'क्लॉक स्क्यू' म्हणून ५ मिनिटांची सवलत आधीपासूनच दिलेली असते. आमच्याकडे टोकन देणारा आणि तपासणारा सर्व्हर एकच, म्हणून ती शून्य केली. शिवाय वजन बदलायची विनंती आली की रोल आता थेट डेटाबेसमधूनच बघतो. एक क्वेरी वाढली, वाढू दे.

मुदत कमी केल्यावर रिफ्रेश टोकन आलं, म्हणजे पासवर्ड पुन्हा न विचारता नवं टोकन मिळवून देणारं दुसरं टोकन. टोकन तपासणाऱ्या जेडब्ल्यूटी बेअररच्या पॅकेजात ते नसतं, स्वतः लिहावं लागतं. दर वेळी नवं द्यायचं, जुनं रद्द करायचं, आणि रद्द झालेलं परत आलं तर चोरी समजून सगळंच बंद करायचं, असं मी लिहिलं. पण कोल्ड स्टोरेजच्या आत रेंज जाते. सर्व्हरने नवं टोकन पाठवलं, ते फोनपर्यंत पोचलंच नाही, फोनने जुनंच पुन्हा दिलं आणि काटेवाला चोर ठरला! हातमोजे काढून गारठ्यात पासवर्ड टाकताना त्याने मला काय काय म्हटलं असेल, ते इथे नको. आता जुनं टोकन आणखी ३० सेकंद चालतं. सुरक्षा थोडी सैल झाली, मान्य.

आणखी एक. ४०१ म्हणजे तू कोण ते कळलं नाही, ४०३ म्हणजे कळलं पण तुला परवानगी नाही. आमचं अ‍ॅप दोन्हींवर लॉगिनचा पडदा दाखवायचं. लोक दहादा पासवर्ड टाकायचे.

नुसतं ऑफिसातल्या ब्राउझरवरचं काम असतं तर मी साधं कुकीचं सेशनच (लॉगिनची खूण ब्राउझर स्वतःच जपतो) ठेवलं असतं. मोबाइल अ‍ॅप होतं म्हणून टोकन घेतलं, आणि पुढच्या हंगामालाही तेच ठेवतोय.