पुण्याच्या सदाशिव पेठेतली कॉट बेसिस खोली (भाडं फक्त आपल्या कॉटचं), तिघांत एक

जागेला तोड नाही. मेस, अभ्यासिका, अप्पा बळवंत चौक, सगळं पायी. पण खोली संध्याकाळी बघा, तिघेही आत असताना. गादी उचलून कॉटच्या सांध्यांत मोबाइलचा टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण समजा आणि डिपॉझिट देऊच नका.

खरी अडचण प्लगची. तिघांत बहुधा एकच ६ अँपिअरचा पॉइंट, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉट. १,५०० वॉटची किटली लावली की एक्स्टेंशन बोर्ड तापतो, पिन काळवंडते. छोटी, ६०० वॉटचीच घ्या.

पावसाळ्यात कपडे आतच वाळतात, त्यामुळे बिनखिडकीची खोली स्वस्तातही नको. कपाटाला कुलूप स्वतःचं. मेसवाले खाडा (न जेवलेल्या दिवसांची वजावट) किती दिवसांपासून धरतात, तेही आधीच विचारून घ्या.