ड्रॅगन ट्री लावून १४ महिने झाले, दोनातलं एक उरलंय

पांढरी भिंत, खाली खडी, कडेला लव्हेंडर आणि मधोमध एकच जबरी आकाराचं झाड, अशी मेडिटरेनियन बाग डोक्यात पक्की बसली होती. ऑलिव्ह सगळेच लावतात म्हणून मी ड्रॅगन ट्री घेतलं, ड्रासेना ड्रॅको, गुडघ्याएवढी दोन रोपं.

आधी मेलेल्याचं सांगतो, चूक माझीच होती. हे झाड मुळात अटलांटिक महासागरातली कॅनरी बेटं, मदेरा तिकडचं, कड्याकपारीत वाढणारं, तिथे पाणी थांबतच नाही. आणि मी ते सपाट वाफ्यात लावलं, वर कौतुकाने शेणखत, आठवड्यातून तीनदा पाणी. चार महिन्यांनी खालची पानं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून घातलं!! मग पाऊस लागला आणि एक दिवस शेंडा कलंडलेला, खोड दाबून बघितलं तर बुडाशी पिकल्या केळ्यासारखं मऊ, जरा ओढलं तर अख्खं हातात आलं, मुळं काळी आणि वास असा की विचारू नका.

दुसरं वाचलं ते निव्वळ माझ्या आळसामुळे, कुंडीतच पडून होतं. त्याला मग हातभर उंच ढीग करून दिला, निम्मी खडी आणि जाडी वाळू, निम्मी माती. आता बोट खुपसून बघतो, दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी, तेव्हा मात्र भरपूर. थंडीत जवळपास नाहीच. आणि हो, शेडनेटखालून आणलेलं रोप एकदम कडक उन्हात ठेवू नका, माझ्या पानांवर पांढरे चट्टे पडले ते पान गळेपर्यंत गेले नाहीत.

वाढीचं काय बोलावं. ज्याने विकलं तो म्हणाला दोन वर्षांत फांद्या पसरून छत्रीसारखा आकार होईल, थापा सगळ्या. पहिल्यांदा फुलल्याशिवाय हे फांद्याच फोडत नाही, आणि फुलायला साधारण १० ते १५ वर्षं, तोवर एक सरळ खोड आणि वर पानांचा झुपका. मी मधल्या पानाला दोरा बांधून ठेवला होता, त्याच्या वर १७ नवीन पानं आलीत, उंची मात्र टेप धरायची चूक म्हणावी एवढीच वाढलीय. वर्षवलयं नसतात त्यामुळे वय पण नीट कळत नाही, टेनेरीफ या कॅनरी बेटावरच्या प्रसिद्ध ड्रॅगन ट्रीला लोक हजार वर्षांचं म्हणतात, अभ्यासकांचा अंदाज काही शतकांचाच आहे.

तरी मजा येते राव. सुकलेलं पान खाली ओढलं की बुडाशी नारिंगी-लाल रंग दिसतो, खोडाचा चीकही सुकून असाच लाल होतो, त्यालाच ड्रॅगनचं रक्त म्हणतात, पूर्वी व्हार्निशमध्ये घालायचे. संध्याकाळी भिंतीवर त्या तलवारीसारख्या पानांची सावली पडते ना, तेवढ्यासाठी मी खुर्ची तिकडे हलवलीय.

छत्रीचा आकार लगेच हवा असेल तर फांद्या फुटलेलंच मोठं झाड घ्या, खिसा रिकामा होईल पण दुसरा उपाय नाही. मेलेल्याच्या जागी घरचे बोगनवेल लावा म्हणतायत, सध्या तिथे नुसती खडी टाकून ठेवलीय.