रोजगार मेळावा की थेट वॉक-इन?

पुण्यात नोकरी शोधताना दोन वाटा हमखास समोर येतात: सरकारी रोजगार मेळावा, नाहीतर हिंजवडी-चाकणला एखाद्या कंपनीचा वॉक-इन, म्हणजे आधी वेळ न ठरवता थेट जाऊन द्यायची मुलाखत.

आयटीआय, डिप्लोमा किंवा नुसती बारावी झाली असेल, तर माझं मत मेळाव्याच्या बाजूने. एका दिवसात बऱ्याच कंपन्यांशी बोलणं होतं. राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर मोफत नोंदणी करून कोणत्या कंपन्या येणार आहेत ते आधी पाहून घ्या आणि हव्या त्या चार टेबलांवर सकाळीच पोचा. माझा भाचा बायोडाटाच्या आठच प्रती घेऊन गेला. अकराला त्या संपल्या, झेरॉक्सच्या रांगेत पाऊण तास गेला आणि परत येईपर्यंत त्याच्या आवडीच्या टेबलावरचे साहेब जेवायला उठलेले. फार वाईट वाटलं त्याला. म्हणून किमान वीस प्रती न्याच.

टेबलावर मुलं पगार विचारतात, पण नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हे विचारत नाहीत. ते आधी विचारा. मग हातात किती पडणार, आणि चाकण-रांजणगावला असेल तर कंपनीची बस आहे का.

दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल तर वॉक-इन बरा. एकाच कंपनीची तयारी नीट करता येते आणि मुलाखतही सविस्तर होते. फक्त हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी तासभर आधी निघा.

नोंदणी किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर मात्र दोन्हीकडून सरळ उठून या.