धीर सुटतो तेव्हा: डीबीएवर बसवलेले आमचे घरचे नियम, आठ महिन्यांनंतर

गणपती उठल्यानंतरचा पहिलाच शनिवार होता. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि मी व माझा मावसभाऊ जेवणाच्या टेबलावरून खेळातलं छोट्या पुतळ्यांचं सैन्य उचलत होतो. तो म्हणाला, "दादा, माझी फळी शाबूत होती. कुठे भगदाड नाही, बगल नाही सुटली. मग मी हरलो कसा?" त्याचे चार बेस गेले होते, आणि त्यातले दोन कडेचे गोफणवाले होते. डीबीए ('डे बेलिस अँटिक्विटाटिस') म्हणजे टेबलावर पुतळ्यांनी प्राचीन लढाया खेळायचे नियम; त्यांच्या हिशोबाने तो हरला होता. पण त्याचा प्रश्न रास्त होता. त्याच रात्री वहीचं कोरं पान काढलं आणि सैन्याच्या मनोधैर्याचे आमचे स्वतःचे नियम लिहायला घेतले. आज त्या वहीत 27 लढायांच्या नोंदी आहेत.

डीबीए ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1990 साली आलेले हे नियम. प्रत्येकी 12 बेस. एक बेस म्हणजे चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर चिकटवलेली सहसा दोन ते चार 15 मिलिमीटरची माणसं. दर पाळीला एक फासा टाकायचा, आकडा येईल तितके पीप, म्हणजे तितक्या हालचाली. भिडल्यावर दोघांनी फासा टाकून आपापले गुण मिळवायचे. थोडक्यात हरलेला बेस सहसा मागे सरतो, समोरच्याने दुप्पट केली तर बहुतेकदा उचलावा लागतो. चार बेस गेले आणि ते समोरच्यापेक्षा जास्त असले की खेळ संपला. तासाभरात निकाल लागतो. या सुटसुटीतपणावर माझा फार जीव आहे आणि आजही नव्या माणसाला मी सुरुवात याच नियमांनी करून देतो.

उचललेला बेस म्हणजे मेलेली माणसं नव्हेत, फुटून पांगलेली माणसं, हेही मला मान्य आहे. मनोधैर्य त्या हिशोबात धरलेलं आहे. खटकायचं ते इतकंच, की तिसरा बेस जाईपर्यंत उरलेलं सैन्य जणू काही घडलंच नाही असं लढतं आणि चौथा गेला की सगळं एका क्षणात संपतं. शेजारची फळी पळताना पाहून ज्याच्या पोटात गोळा आला, तो माणूस या खेळात कुठेच दिसत नाही. प्राचीन लढायांचे आकडे बघा. इ.स.पू. 197 मध्ये ग्रीसमधल्या किनोस्केफॅलीला रोमनांची माणसं गेली 700 च्या आसपास, मॅसिडोनियनांची 8000. समोरासमोर उभं राहून असा फरक पडत नाही. फळी फुटली, पाठ फिरली, आणि पाठ फिरल्यावर कापाकापी झाली. म्हणजे लढाईचा निकाल धीर सुटला त्या घडीला लागलेला असतो, प्रेतं नंतर पडतात.

तर आमचे नियम असे. सैन्याच्या तीन तुकड्या करायच्या: डावी, मधली, उजवी. हलक्या पायदळाच्या बेसला 1 गुण, बाकी सगळ्यांना 2. ज्या तुकडीने या पाळीत बेस गमावला, किंवा जिच्या शेजारची तुकडी पळाली, तिने पाळीच्या शेवटी एक फासा टाकायचा. आकडा तिने आतापर्यंत गमावलेल्या गुणांपेक्षा जास्त यायला हवा. सेनापती त्या तुकडीत असेल तर फाशात 1 मिळवा, मागे राखीव उभे असतील तर आणखी 1. बगलेला शत्रू असेल तर 1 वजा, शेजारची तुकडी पळालेली असेल तर 1 वजा. पहिल्यांदा नापास झाली की तुकडी डगमगते: पुढे सरकायचं नाही आणि लढताना 1 कमी. डगमगलेली असताना पुन्हा नापास झाली की पळते. तीनपैकी दोन तुकड्या पळाल्या की हार. चार बेसचा मूळ नियम रद्द.

डगमगलेल्या तुकडीमागे आम्ही चिंचोका ठेवतो. आधी कापसाचे बोळे ठेवत होतो, पण ते पंख्याच्या वाऱ्याने उडून भलत्याच सैन्यामागे जात.

हे आज वाचायला सोपं वाटतं, पण इथवर यायला तीन महिने गेले. पहिल्या मसुद्यात प्रत्येक बेसची वेगळी चाचणी होती आणि वजाबाकी-मिळवणीच्या 14 ओळी होत्या. एकेका पाळीला दहा-बारा फासे पडायचे, भाऊ तक्त्यात बोट घालून बसायचा आणि लढाई थिजून जायची. एकेक करून ओळी खोडल्या. उतार, पाऊस, थकवा, मागच्या लढाईचा अनुभव, सगळं गेलं. ज्या चार उरल्या त्या टेबलाकडे नुसतं पाहून कळतात, वही उघडावी लागत नाही. घरचे नियम लिहिणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन: टेबलावर दिसत नाही त्याचा गुण ठेवू नका.

हे नियम खरे कसाला लागले ते राफियाच्या लढाईत. आजच्या गाझातल्या रफाहजवळ इ.स.पू. 217 मध्ये इजिप्तचा राजा चौथा टॉलेमी आणि सीरियाचा राजा तिसरा अँटायोकस भिडले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस आकडे देतो: टॉलेमीकडे 70,000 पायदळ, 5,000 घोडेस्वार आणि 73 आफ्रिकी हत्ती, अँटायोकसकडे 62,000 पायदळ, 6,000 स्वार आणि 102 हिंदुस्थानी हत्ती. मी अँटायोकस घेतला, भावाने टॉलेमी. इतिहासात झालं तेच माझ्या उजव्या बगलेला झालं. हत्ती आणि स्वार तिसऱ्या पाळीतच त्याच्या डाव्या तुकडीवर कोसळले, तिचे दोन बेस गेले, आधी डगमगली, मग पळाली. मला उड्या माराव्याशा वाटल्या. पण आमचा पाठलागाचा नियम असा की समोरची तुकडी पळाली की जिंकलेल्या घोडदळाने मागे लागायचंच. आवरायचं तर एक पीप खर्च करून फासा टाकायचा आणि 5 किंवा 6 आलाच पाहिजे. मला 2 आला. माझा राजा स्वारांसकट टेबलाच्या कडेकडे दौडत गेला.

भावाची मधली तुकडी शेजार पळाल्यामुळे चाचणीला आली, 1 पडला, मागे चिंचोका. त्याच्या जागी मी असतो तर उजवीकडची चढाई दामटली असती. त्याने पुढच्या पाळीचे सगळे पीप सेनापतीवर घातले आणि टॉलेमीला फॅलँक्सच्या, म्हणजे लांब भालेकऱ्यांच्या दाट फळीच्या, पहिल्या ओळीत आणून उभा केला. डगमगलेल्या तुकडीच्या अग्रभागी सेनापती आला की दोन पीप देऊन चिंचोका काढता येतो, असा नियम आहे. त्याने तो काढला. खरा टॉलेमीसुद्धा त्या दिवशी फॅलँक्सच्या आडून अचानक पुढे आला होता आणि त्याला पाहून त्याच्या माणसांना अवसान चढलं होतं. दरम्यान भावाच्या उजव्या बाजूने माझी डावी तुकडी दोन बेस घेऊन पळवली होती. मग माझ्या मधल्या तुकडीची पाळी. तिचा एकही बेस गेलेला नव्हता, पण शेजार पळालेला, बगलेला शत्रू, आणि राजा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. फासा 2. डगमगली. पुढच्या पाळीत एकच बेस गेला, फासा 4, आणि पुरती दाणादाण. माझे 12 पैकी 3 बेस उचलले गेले होते. मूळ नियमांनी खेळ चालूच राहिला असता.

पॉलिबियस सांगतो की पाठलागात रमलेल्या अँटायोकसला सगळीकडे आपणच जिंकतो आहोत असं वाटत होतं. शेवटी एका वयस्कर अधिकाऱ्याने त्याला दाखवलं, की धुळीचा लोट फॅलँक्सकडून आपल्याच छावणीकडे सरकतोय. टेबलाच्या कडेला उभ्या माझ्या स्वारांकडे बघताना ती धूळ मला दिसली. पुढे 27 वर्षांनी, इ.स.पू. 190 मध्ये मॅग्नेशियाला हाच राजा रोमनांची डावी बाजू फोडून त्यांच्या छावणीपर्यंत दौडत गेला आणि मागे त्याचं सैन्य फुटलं. अलेक्झांडरच्या वारसदारांच्या झगड्यात, इप्ससला इ.स.पू. 301 मध्ये डिमीट्रियसचंही तेच: पाठलाग करून परत वळला तर मध्ये सेल्युकसचे हत्ती आडवे. पाठलागाचा नियम जाचक वाटेल, पण तो काढू नका. आमच्या सगळ्या नियमांत मी सर्वांत वर त्याला ठेवतो.

सेनापती पडण्याचा नियम आम्ही आधी चुकीचा केला होता. सेनापती पडला की तिन्ही तुकड्यांनी लगेच 2 वजा करून चाचणी द्यायची. परिणाम असा की दोन महिने एकही सेनापती लढला नाही, सगळे मागे दडून बसले. तोड सापडली कुनाक्साच्या लढाईत. इ.स.पू. 401 मध्ये इराणचा राजपुत्र धाकटा सायरस गादीवरच्या भावावर तुटून पडला आणि मारला गेला. जवळचं सैन्य पळालं, पण उजव्या टोकाला जिंकत असलेल्या त्याच्या भाडोत्री ग्रीकांना त्याचा पत्ताच नव्हता. तो मेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मग आम्ही नियम बदलला: सेनापतीच्या तुकडीने लगेच फासा टाकायचा, तिच्या शेजारच्या तुकडीने पुढच्या पाळीत, आणि पलीकडच्या टोकाला तिसरी तुकडी असेल तर तिने त्याच्या पुढच्या. बातमी पायी चालत जाते. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1761 ला विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून लोकांचा धीर सुटला, हे ऐकतच आपण मोठे झालो. हा बदल केल्यापासून सेनापती पुन्हा पुढे येऊ लागले आहेत.

हत्तींचं वेगळं. मागे रेटलेल्या हत्तीने फासा टाकायचा. 1 आला तर तो पिसाळून मागच्या आपल्याच माणसांतून जातो आणि त्या तुकडीची चाचणी. इटलीत मेटॉरसला इ.स.पू. 207 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅस्ड्रुबलच्या माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. हत्ती आवरेना तर मानेच्या सांध्यावर छिन्नी ठेवून एक घाव. त्यावरून आम्ही मुभा ठेवली: मालकाने स्वतःच हत्ती मारला तर तुकडीचा 1 च गुण जातो. भावाची बारा वर्षांची मुलगी आमचे सगळे हत्ती रंगवते. झुलीची किनार ती दोन केसांच्या ब्रशने श्वास रोखून काढते. तिने एकदाही छिन्नी वापरलेली नाही. दोन लढाया तिने त्यापायी घालवल्या आणि तिसऱ्यांदा विचारलं तरी नाहीच म्हणाली. तिच्या सैन्याला ती मुभा नाही, असं आता वहीत लिहून टाकलंय.

उणिवा आहेत. वेळ वाढला: तासाभराचा खेळ आता दीड तास घेतो. पार्थियनांसारख्या घोड्यावरच्या तिरंदाजांना हे नियम बसत नाहीत. त्यांचं लढणंच पळण्यावर चालतं, इ.स.पू. 53 मध्ये कॅऱ्हीला रोमन सेनापती क्रॅससची माणसं त्यांनी तशीच जेरीला आणली. हलक्या स्वारांनी स्वतःहून घेतलेली माघार चाचणीत धरायची नाही, एवढी सूट सध्या दिली आहे, पण तिचा गैरफायदा मीच दोनदा घेतला, म्हणून ती बदलणार आहे. आणि दोन्हीकडे फॅलँक्स असेल तर मधल्या तुकड्या फार लवकर डगमगतात. खोल रांगेच्या मागच्या बेसला राखीव मानायचं की नाही, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी नाही म्हणतो. मागचा भालेकरी पुढच्याला रेटतो, आधार वेगळा.

सध्या वहीत झामाच्या लढाईचं पान उघडं आहे. इ.स.पू. 202 मध्ये कार्थेजच्या हॅनिबलने रोमनांविरुद्ध तीन फळ्या एकामागे एक लावल्या होत्या आणि पुढची माणसं पळत मागे आली तेव्हा त्याच्या जुन्या सैनिकांनी भाले आडवे धरून त्यांना आत घेतलं नाही, बाजूला वळवलं. आमच्या नियमांत पळणारी तुकडी मागच्या राखिवांना भेदून जाते आणि तेही चाचणीला येतात. अडवायचं असेल तर किती पीप लावावेत? भाऊ दोन म्हणतो. मला वाटतं पीप लावूच नयेत, ते त्या माणसांच्या अंगी असायला हवं, म्हणून सैन्य मांडतानाच एक बेस 'जुनेजाणते' म्हणून नेमावा आणि त्याने अडवलं तर पळणाऱ्यांचा एक बेस तिथेच उचलावा. येत्या शनिवारी दोन्ही प्रकारे मांडून बघणार आहोत. मुलीने 24 चिंचोके घासूनपुसून ठेवलेत.