तीन स्टार, त्यातला एक कंपाउंडरला

नौपाड्यातला हा दवाखाना आमचा सव्वीस वर्षांचा. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, त्यात वाद नाही. फी तीनशे, नुसता रिपोर्ट दाखवायला गेलं तर एक पैसा घेत नाहीत. सातनंतर जाणार असाल तर तासभर बाकावर बसायची तयारी ठेवा. पंखा एकच, तोही कंपाउंडरच्या डोक्यावर.

तक्रार आहे ती चिठ्ठीबद्दल. आमच्या ह्यांना बीपी आणि शुगर. औषधांचं महिन्याचं बिल 1,580 रुपये. बँकेत तीस वर्षं व्हाउचर तपासलेली बाई मी, एका रविवारी सगळ्या जुन्या चिठ्ठ्या काढून बसले. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल मिळून साडेपाचशेच्या आसपास. मग वरचे हजार कसले? अ‍ॅसिडिटीची गोळी आणि बी-12ची कॅप्सूल! अ‍ॅसिडिटीची गोळी 2022मध्ये गुडघ्याच्या पेनकिलरसोबत आली होती, पोटाला त्रास नको म्हणून. पेनकिलर पंधरा दिवसांत बंद झाली, ही मात्र पागडीच्या भाडेकरूसारखी बसली ती बसलीच. दर खेपेला डॉक्टर म्हणणार 'सेम चालू ठेवा' आणि कंपाउंडर मागची चिठ्ठी उतरवून काढणार.

पुढची गंमत जनऔषधी केंद्रातल्या, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानातल्या, मुलीने सांगितली. शुगरचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 कमी होऊ शकतं, पॅन्टोप्राझोलने, म्हणजे त्या अ‍ॅसिडिटीच्या गोळीनेही होऊ शकतं. म्हणजे एका गोळीने पाडलेला खड्डा आम्ही दुसरीने भरत होतो, तोही कदाचित. पण औषधं बदलून द्यायला तिने साफ नकार दिला. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर केमिस्टला मनाने दुसरं देता येत नाही. 2023च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी ब्रँडऐवजी मूळ औषधाचंच (जेनेरिक) नाव लिहावं असा नियम आला होता, त्याच महिन्यात तो स्थगितही झाला. तेव्हा आपणच तोंड उघडायचं.

उघडलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्यावर विश्वास नाही का, वहिनी?"

"तुमच्यावर आहे हो, बिलावर नाही."

हसले, आणि बीपीच्या गोळीचं मूळ नाव 'टेल्मिसार्टन 40' असं ठळक अक्षरांत लिहून दिलं. चार वर्षांत... जाऊ दे. पॅन्टोप्राझोलवर काट मारली. बी-12 सध्या बंद, सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. आता महिन्याला दीडशेच्या आत भागतं. केंद्रात मेटफॉर्मिन दोनदा संपलेलं होतं, तेवढी एक फेरी फुकट जाते.

एक स्टार कापला, कारण विचारल्याशिवाय हे झालं नसतं. दुसरा त्या बाकासाठी. कंपाउंडरला एक मात्र मनापासून: परवा गेले तर चिठ्ठी उतरवताना पेन थांबवून त्याने स्वतःच विचारलं, "काकू, अ‍ॅसिडिटीची बंद आहे ना?"