विजयनगरची गुरुवारची क्विझ नाइट: माणसं भारी, गराडू भारी, माइकचं नाव काढू नका

आधीच सांगतो, पबचं नाव टाकत नाहीये. मॅनेजर माणूस चांगला आहे आणि माझे एका गुरुवारचे पैसे अजून त्याच्याकडून यायचेत, उगाच कशाला वाकडं घ्या. इंदूरच्या विजयनगरात, तिसरा मजला, लिफ्ट मूड असेल तर चालते, एवढं पुरे. तिथे डिसेंबर-जानेवारीत सलग सहा गुरुवार ट्रिविया नाइट मी घेतली आणि सातव्या गुरुवारी, तोवर दुसरा होस्ट आला होता, बायको आणि मेहुण्याला घेऊन नुसता खेळायला गेलो. म्हणजे हा रिव्ह्यू माइकच्या दोन्ही बाजूंनी आहे.

गुरुवारच का, तर शुक्र-शनि-रवि पब असाही भरतो, गुरुवारी मात्र वेटर भिंतीला टेकून रील बघत असतात. ही आयडिया काही आमच्या मॅनेजरच्या डोक्यातून निघालेली नाही, इंग्लंडात 1976 मध्ये शेरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या दोघांनी पबांना क्विझ भरवून द्यायचा धंदाच सुरू केला तो याचसाठी, रिकाम्या रात्री टेबलं भरावीत म्हणून. आपल्याकडे क्विझ पबातून आलीच नाही. नील ओब्रायन यांनी 1967 मध्ये कलकत्त्यात पहिली ओपन क्विझ घेतली ती चर्चच्या हॉलमध्ये, मग शाळा, कॉलेज, दूरदर्शन, त्यामुळे आपल्या लोकांच्या मनात क्विझ म्हणजे परीक्षाच. टेबलावर बिअर आहे, मसाला शेंगदाणे आहेत, तरी पहिली दहा मिनिटं सगळे हात आडवा धरून पेपर झाकून लिहितात, मला प्रत्येक गुरुवारी हसू यायचं.

पहिल्या आठवड्यात मॅनेजर बोलला की भिया तुम्ही नुसते या, प्रश्न आमच्याकडे रेडी आहेत. रेडी म्हणजे कुणीतरी नेटवरून उचललेली चाळीस स्लाइडची पीपीटी, त्यातले निम्मे प्रश्न ब्रिटिश सिरियलींचे आणि उरलेल्यांतले काही चक्क चुकीचे. तिसऱ्या राउंडला प्रश्न आला, भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता, स्लाइडवर उत्तर हॉकी. झालं. कोपऱ्यातल्या टेबलावरची एक वकिलीची पोरगी उभीच राहिली, म्हणाली सर असा कुठलाही खेळ सरकारने जाहीर केलेलाच नाही, 2012 मध्ये आरटीआयच्या उत्तरात खुद्द मंत्रालयाने सांगितलंय. आणि पुरावा म्हणून फोन काढून दाखवायला लागली, तर बाकीची टेबलं ओरडली की मोबाइल उलटे ठेवायचं ठरलंय ना! तिचं बरोबर होतं. मी हॉकीवाल्यांना पण मार्क दिले आणि तिच्या टीमला पण दिले, दोन्ही पार्ट्या नाराज. घरी जाऊन ती पीपीटी डिलीट केली.

उचललेल्या प्रश्नांचं असंच असतं, कुणाची चूक आपल्या पदरात पडतेय कळतच नाही. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थाने आपल्या ट्रिवियाच्या कोशात कोलंबो या टीव्ही डिटेक्टिव्हचं पहिलं नाव फिलिप असं मुद्दाम खोटं छापून ठेवलं होतं, चोर सापडावा म्हणून. ट्रिवियल परसूट या बोर्ड गेममध्ये तंतोतंत तेच फिलिप निघालं, पठ्ठ्याने 1984 मध्ये 30 कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि हरला, कारण कोर्ट म्हणालं की माहिती ही कुणाच्या मालकीची नसते. आमच्या पीपीटीत अशी किती फिलिप होती देव जाणे.

मग प्रश्न मीच काढायला लागलो, सहा राउंड, प्रत्येकी आठ, आणि इथे खरी मजा आली, त्यामुळे थोडं लांबेल. इंदुरात लता मंगेशकरांचा जन्म कुठला हे विचारून बघा, लोक शेंगदाणे फेकून मारतील. राहुल द्रविड तेच, सलमान खान तेच. सगळ्यांना येतो तो प्रश्न फुकट आणि कुणालाच येत नाही तो होस्टचा शहाणपणा. पाहिजे असा की टेबलावर चौघांपैकी एकाला अर्धं आठवतं, दुसऱ्याला उरलेलं अर्धं, आणि मग ते एकमेकांच्या अंगावर ओरडून उत्तर जुळवतात. एकदा विचारलं, आपल्या शहरातला असा कुठला राजवाडा की जो 1930 च्या दशकात जर्मन आर्किटेक्टने बांधला, ज्याच्या महाराजांनी ब्रांकुशीची शिल्पं घेतली आणि जिथे नंतर टॅक्सवाल्यांचं ऑफिस आलं? आर्टवाल्या मुलींच्या टेबलाला ब्रांकुशी माहीत पण राजवाडा सुचेना, इथलाच लालबाग पॅलेस लिहून बसल्या. उत्तर कुणी दिलं तर सीएच्या पोरांनी! त्यांना ना ब्रांकुशी माहीत ना आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियस, पण माणिकबाग राजवाड्यातल्या त्या टॅक्स ऑफिसात फाइली घेऊन फेऱ्या मारून चपला झिजल्यात. मुली इतक्या चिडल्या की ब्रेकमध्ये येऊन भांडल्या. त्या रात्रीपासून मला हे काम आवडायला लागलं.

आणि रामबागेतले तीन काका. सत्तरीकडे झुकलेले, दारूला हात लावत नाहीत, जलजिरा आणि एक प्लेट पनीर टिक्का तिघांत, म्हणजे पबच्या दृष्टीने बिनकामाचं गिऱ्हाईक, पण मॅनेजरने त्यांना एकदाही घाई केली नाही की मेनू पुढे सरकवला नाही, याचे मी त्याला वेगळे मार्क देतो. होळकरांच्या टीमने रणजी किती वेळा जिंकली विचारलं तर लिहायच्या आधीच काका जोरात बोलले, चार! अख्ख्या पबने ऐकलं. मी म्हटलं अहो काका, कागदावर लिहायचं असतं. तर म्हणाले, अरे यात लपवायचंय काय, सी. के. नायडूंच्या गावात हे ज्याला येत नाही त्याने उठून जावं. सगळ्यांना एक मार्क फुकट.

आता रडगाणं. पबने माइक दिला तो कॉर्डलेस, त्याचे सेल दर गुरुवारी अर्धे संपलेले, म्हणजे चौथ्या राउंडला आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. तिसऱ्या आठवड्यापासून खिशात चार सेल ठेवूनच जायचो, ते पैसे माझे. माइक जातो डीजेच्याच मिक्सरमधून आणि डीजे भाऊला प्रश्न संपायची वाट बघणं जमत नाही, 'या शहराचं जुनं नाव' एवढं बोलतोय तोवर धाड्कन ढोल सुरू. बारकडच्या स्पीकरखाली दोन पावलं जास्त गेलात की अशी कुई वाजते की लोक कानात बोटं घालतात. मधोमध एक जाडजूड खांब आहे, त्याच्यामागच्या तीन टेबलांना स्क्रीन दिसतच नाही, फोटोंच्या राउंडला ते लोक ग्लास घेऊन उभे राहतात आणि उभे राहिले की दुसऱ्यांच्या पेपरात बघतात. शेवटी मी फोटो ए-फोर कागदावर छापून न्यायला लागलो, रंगीत प्रिंट, ते पैसे पण माझेच. दुसऱ्या गुरुवारी तर मॅच होती. मॅनेजर म्हणाला भिया टीव्ही म्यूट ठेवतो. म्यूट होताच, पण प्रत्येक विकेटला निम्मा पब किंचाळायचा, त्यात मी आपला नद्यांची उगमस्थानं विचारतोय. बहुतेक नर्मदेच्या वेळेलाच स्टंप उडाला. मॅचच्या दिवशी क्विझ ठेवू नये एवढं साधं कॅलेंडर बघायला काय जातं?

खाण्याचं एका वाक्यात उरकता येणार नाही कारण थंडीत तिथे गराडू मिळतो, म्हणजे आमच्याकडचा तळून खायचा कंद. पबात गराडू! कुरकुरीत तळलेला, वरून लिंबू, जिरावण मसाला हात सैल सोडून टाकलेला, सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री उभं राहून खातो तसाच, फरक इतकाच की इथे बसायला सोफा आहे आणि दर दुप्पट. बाकी मेनू सगळीकडे असतो तसाच, नाचोज नरम, पिझ्झा चालून जातो. पण या गराडूने माझा जीव खाल्ला. लोक त्याच बोटांनी पेन धरतात, त्याच बोटांनी उत्तरपत्रिका देतात, माझ्याकडे येईपर्यंत कागद तेलाने आरपार दिसायला लागलेला आणि वर जिरावणाचे पिवळे ठसे. एकदा एका टीमचं उत्तर 4 आहे की 9 यावर पंधरा मिनिटं गेली. मी कागद मोबाइलच्या टॉर्चवर धरला तर मागच्या बाजूने 4 दिसतो आणि पुढून 9. टीम म्हणते 9 आहे, कागद तपासणारं शेजारचं टेबल म्हणतं 4 आहे (पेपर आम्ही शेजारच्या टेबलाशी बदलून तपासायचो, नाहीतर होस्ट एकटा मरतो), वेटर पण येऊन मत देऊन गेला. मी 9 धरला. अजून वाटतं 4 होता. पुढच्या वेळेपासून आकडे अक्षरांत लिहायचा नियम केला.

सर्वात भारी रात्र पाचवी. दोन टीम बरोबरीत, एक काकांची आणि एक आयटीवाल्या पोरापोरींची, रात्र बरीच झालेली आणि डीजे घड्याळ दाखवतोय. टायब्रेकर मी नेहमी आकड्याचा ठेवतो, जो सर्वात जवळ तो जिंकला, म्हणजे वाद नाही. विचारलं, 8 डिसेंबर 2011 ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध 219 केल्या, त्या दिवशी भारताचा एकूण स्कोअर किती? काका खुर्चीवरून अर्धे उठलेच, अरे मी होतो ना तिथे, ईस्ट स्टँडला, उन्हात कातडी सोलून निघाली होती! आणि ठासून लिहिलं 404. समोरच्या टीमची मुलगी, 2011 मध्ये ती जेमतेम पहिली-दुसरीत असेल, तिने खांदे उडवून 420 लिहिलं, म्हणे आकडा बरा वाटला. बरोबर उत्तर 418, पाच बाद. काका दोन मिनिटं गप्प. मग तिच्या टेबलाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, बेटा तू जिंकलीस, पण रैनाची फिफ्टी मी पाहिलीये. आणि उरलेला गराडू तिच्या टीमला देऊन टाकला.

बक्षिसाबद्दल मात्र पबने लोकांना उल्लू बनवलं असं म्हणेन. पोस्टरवर मोठ्ठं 'दोन हजारांचं व्हाउचर', हातात दिल्यावर बारीक अक्षरांत कळतं की पुढच्याच गुरुवारी चालेल, चार हजारांच्या बिलावर, ड्रिंक्सवर नाही. ती मुलगी मला येऊन विचारते सर हे काय, जणू मीच छापलंय. मॅनेजरला बोललो तर म्हणाला वरून आलंय. हे वर म्हणजे नेमकं कुठे ते मला सहा आठवड्यांत कळलं नाही. माझे ठरलेले तीन हजार आणि जेवण, जेवण दर वेळी गरम आणि पोटभर, पैसे दर वेळी 'भिया सोमवारी पक्का'. पाच गुरुवारांचे आले, सहाव्याचे कुठल्यातरी सोमवारच्या वाटेवर आहेत. मी थांबलो ते पैशांमुळे नाही खरं तर, रोज ऑफिसातून आल्यावर अठ्ठेचाळीस प्रश्न काढायचे म्हणजे बायको बोलायला लागली की माझ्याशी पण ऑप्शन देऊन बोलतोस.

सातव्या वेळी खेळायला गेलो तर नवा होस्ट मोबाइलमध्ये बघून प्रश्न वाचतोय, भरभर, मान वर न करता. प्रश्न ठीक होते पण टेबलांकडे बघतच नव्हता, कुठे हसतायत, कुठे अडलेत काही नाही. मेहुणा पहिल्यांदाच आला होता, त्याला तरी मजा आली. आम्ही चौथे आलो. वेटरने मला ओळखून न मागता गराडू आणला आणि बिलात बरोबर लावला.

एकूण पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा काकांचा. खेळायला जाणार असाल तर बिनधास्त जा, साडेआठपर्यंत पोचा, खांबाच्या डावीकडची टेबलं धरा, पेन स्वतःचं न्या कारण तिथली चालत नाहीत, आणि गराडू पाचवा राउंड झाल्यावरच मागवा. होस्ट म्हणून कुणाला फोन आला तर अर्धे पैसे आधी घ्या, व्हाउचरचा मजकूर लोकांपुढे जायच्या आधी स्वतः वाचा आणि सेल घेऊन जा. डबल ए, दोन जोड्या.