‘ओरिजिनल मेनूसह ब्लू-रे’ म्हणून विकला जाणारा प्लेअर: पैसे भरण्याआधी हे वाचा

कॉम्प्युटरवर ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) बघण्यासाठी एखादं सॉफ्टवेअर विकत घ्यायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. माझे पैसे ज्या पद्धतीने गेले ती पद्धत अजून चालू आहे. तिच्यात अडकणारे लोक बहुतेक माझ्यासारखेच असणार: डिस्क जपून ठेवणारे, स्ट्रीमिंगवर जे मिळत नाही ते डिस्कवर शोधणारे.

चित्रपट नुसता सुरू झाला म्हणजे डिस्क चालली, असं मी मानत नाही. दिग्दर्शकाची कॉमेंटरी, वगळलेले प्रसंग, चित्रीकरणावरचा माहितीपट, मालिका असेल तर तिचे वेगवेगळे भाग, हे सगळं मेनूमागे, म्हणजे डिस्क घातल्यावर येणाऱ्या बटणांच्या पडद्यामागे, असतं. काही डिस्कवर चित्रपटाच्या दोन आवृत्त्या असतात आणि कुठली बघायची ते मेनूतच ठरतं. मेनू नसेल तर हातात उरतात क्रमांकाची नावं असलेल्या फाइली आणि अंदाज.

मुळात ही बाजारपेठ तयार का झाली, ते समजून घ्यायला हवं. ब्लू-रे २००६ साली बाजारात आली, पण विंडोजने ती स्वतःहून चालवण्याची सोय कधीच दिली नाही. विंडोज ८ पासून तर डीव्हीडीची सोयही मूळ विंडोजमधून गेली. ॲपलनेही मॅकमध्ये ब्लू-रे आणली नाही. तिच्या लायसन्सच्या गुंतागुंतीबद्दल स्टीव्ह जॉब्स यांनी २००८ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली होती. म्हणजे ड्राइव्ह घेतला, डिस्क घातली, तरी समोर काहीच होत नाही. माणूस मग ‘ब्लू-रे प्लेअर’ असं शोधतो आणि त्या शोधात सगळ्यात वर जे दिसतं त्यातलं बरंचसं जाहिरात असतं.

मला मिळालेल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कुठलीही ब्लू-रे, कुठल्याही रीजनची, ओरिजिनल मेनूसह, आजीवन परवाना. रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे ते. खाली मेनूचं सुंदर चित्र. मी आधी ट्रायल उतरवली. तिच्यात चित्रपटाची सुरुवातीची काही मिनिटं स्वच्छ दिसली, आवाजही छान होता. मेनूचं बटण मात्र करडं होतं आणि त्यावर माउस नेला की ‘ही सोय पूर्ण आवृत्तीत’ अशी पाटी येई. आता वाटतं, सगळी गोम त्या करड्या बटणात होती. ज्या गोष्टीसाठी आपण पैसे मोजणार, नेमकी तीच तपासता येऊ नये अशी ती मांडणी होती.

पैसे भरले, बटण उघडलं. मेनू आला. काळसर पार्श्वभूमी, चित्रपटाचं पोस्टर आणि उजवीकडे चार बटणं: चित्रपट, प्रसंग, भाषा, सबटायटल. दुसरी डिस्क घातली. पोस्टर बदललं, बटणं तीच, त्याच जागी. तिसऱ्या डिस्कलाही तेच. तो डिस्कवरचा मेनू नव्हताच. प्लेअरने स्वतःचा एक साचा केला होता आणि प्रत्येक डिस्कवर तो तोच साचा चिकटवत होता. कॉमेंटरी, माहितीपट, वगळलेले प्रसंग, कशाचाही पत्ता नाही.

त्याहून वाईट अनुभव एका थरारपटाच्या डिस्कने दिला. चित्रपट नीट सुरू झाला आणि थोड्या वेळाने नायकाच्या हाताला पट्टी दिसली. ती जखम ज्या मारामारीत होते ती मारामारी नंतर आली. आधी वाटलं, दिग्दर्शकाचीच रचना असेल. पण पुढे मेलेला माणूस फोनवर बोलायला लागला. मग मी डिस्क फाइल एक्सप्लोररमध्ये उघडली. प्रत्येक ब्लू-रेवर बीडीएमव्ही नावाचा फोल्डर असतो. त्यातल्या ‘स्ट्रीम’मध्ये प्रत्यक्ष चित्राच्या फाइली असतात आणि ‘प्लेलिस्ट’मध्ये त्या कुठल्या क्रमाने चालवायच्या याच्या याद्या. त्या डिस्कच्या प्लेलिस्ट फोल्डरमध्ये शेकडो याद्या होत्या आणि बहुतेकींची लांबी जवळजवळ सारखी. कॉपी करणाऱ्यांना चकवण्यासाठी काही कंपन्या मुद्दाम असं करतात. खरी यादी एकच, बाकीच्यांमध्ये प्रसंग उलटसुलट. खरी कुठली ते फक्त डिस्कवरचा मेनू जाणतो. मेनू न चालवणारा प्लेअर सगळ्यात लांब दिसेल ती यादी उचलतो आणि मोकळा होतो. अशा डिस्कवर मेनूशिवाय चित्रपटसुद्धा धड बघता येत नाही.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, कारण विकणाऱ्याचा सगळा खेळ आपल्याला हे माहीत नसण्यावर चालतो. ब्लू-रेचे मेनू दोन प्रकारचे असतात. एक साधा, एचडीएमव्ही. दुसरा बीडी-जे, म्हणजे डिस्कवर ठेवलेला चक्क जावा भाषेतला छोटा प्रोग्राम. मोठ्या स्टुडिओंच्या कितीतरी डिस्कचे मेनू या दुसऱ्या प्रकारचे असतात. ते चालवायचे तर प्लेअरकडे जावा चालवण्याची यंत्रणा हवी. ती नसेल तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, मेनू येणार नाही.

म्हणून मी त्या प्लेअरचा इन्स्टॉल झालेला फोल्डर उघडला. जावाची यंत्रणा कुठेच नव्हती. पण दोन ओळखीची नावं दिसली: लिबव्हीएलसी आणि लिबब्लूरे, म्हणजे व्हिडिओ आणि ब्लू-रे चालवण्यासाठी दुसऱ्या प्रोग्रामांत बसवता येणारी तयार सॉफ्टवेअरं. ही दोन्ही व्हिडिओलॅन या ना-नफा संस्थेच्या प्रकल्पातली, कोणालाही फुकट मिळणारी, मुक्त परवान्याची. असं सॉफ्टवेअर वापरून व्यवसाय करायला मनाई नाही, पण ते वापरलं आहे हे सांगावं लागतं आणि परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. त्या फोल्डरमध्ये, प्रोग्रामच्या माहितीच्या खिडकीत, वेबसाइटवर, कुठेही त्याचा उल्लेख नव्हता. राग मला याचाच सगळ्यात जास्त आला. व्हिडिओलॅनच्याच व्हीएलसी या फुकट प्लेअरच्या २०१८ साली आलेल्या ३.० आवृत्तीत बीडी-जे मेनूची सोय आहे. कॉम्प्युटरवर जावा असावं लागतं, एवढंच, आणि व्हीएलसी ६४ बिटची असेल तर जावाही ६४ बिटचंच. म्हणजे जे फुकट आहे त्यात मेनू आहे आणि यांनी त्यातला मेनू वगळून उरलेलं मला मेनूच्या नावाने विकलं. कित्येक लोकांनी वर्षानुवर्षं मोबदला न घेता केलेलं हे काम आहे. त्यांचं नाव पुसून ते असं विकलं जाताना बघून फार वाईट वाटलं.

गैरसमज नको म्हणून हेही सांगतो, व्हीएलसी म्हणजे सगळ्याचं उत्तर नव्हे. विकत मिळणाऱ्या ब्लू-रेवर एएसीएस नावाचं कॉपी रोखणारं कुलूप असतं, काहींवर त्याच्या जोडीला बीडी प्लसही. त्या कुलपाच्या किल्ल्या व्हीएलसीसोबत येत नाहीत आणि स्वतःच्या मालकीच्या डिस्कचं कुलूप तोडणंही बऱ्याच देशांच्या कायद्यात बसत नाही. परवाना घेऊन किल्ल्यांसह येणारे प्लेअर आहेत. पॉवरडीव्हीडी हे त्यातलं जुनं नाव. त्यांना अपडेट लागतात, कारण जुन्या किल्ल्या रद्द होतात आणि नव्या डिस्क त्या स्वीकारत नाहीत. हा खर्च खरा आहे, तो मागण्यात लबाडी नाही. माझी तक्रार वेगळी आहे.

मी सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर: तुमचा ड्राइव्ह जुना आहे, हा नवा घ्या, सोबत लिंक. पण ड्राइव्हला मेनूशी काही देणंघेणं नसतं. तो डिस्कवरचा डेटा वाचून देतो आणि चित्रपट दिसत होता म्हणजे वाचत होताच. दुसरं उत्तर: डिस्कचं रीजन जुळत नाही. ब्लू-रेचे रीजन तीन, ए, बी आणि सी, आणि वेष्टणाच्या मागे ते छापलेलं असतं. माझी डिस्क माझ्याच रीजनची होती. शिवाय ‘कुठल्याही रीजनची’ हे यांचंच वचन. तिसरं उत्तर: डिस्क खराब किंवा नकली असेल. तीच डिस्क मी टीव्हीला जोडलेल्या साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये घातली. मेनू आला, रिमोटच्या बाणांनी बटणं सरकली, कॉमेंटरी लागली. मग तोच ड्राइव्ह मित्राच्या कॉम्प्युटरला जोडला. त्याच्याकडे परवान्याचा प्लेअर होता, तिथेही मेनू आला. डिस्क ठीक, ड्राइव्ह ठीक. ड्राइव्ह, कुलूप, रीजन, मेनू, केबल असे इतके थर एकावर एक असल्यामुळे दोष नेहमी आपण न विकलेल्या थरावर ढकलता येतो. तुमच्यावर अशी वेळ आली तर वादात शिरू नका, एकेक थर असा वेगळा काढून तपासा आणि त्याचे फोटो ठेवा. पुढे ते माझ्या फार कामी आले.

हे कळवल्यावर त्यांचा सूर बदलला. मेनूसाठी वेगळा ‘नेव्हिगेशन पॅक’ घ्यावा लागतो म्हणाले. मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर ‘आमचे तज्ज्ञ तुमच्या कॉम्प्युटरवर येऊन दुरुस्ती करून देतील’ असा निरोप आला. त्यासाठी दुरून ताबा घेणारं एक सॉफ्टवेअर टाकायचं आणि ‘खात्याची खात्री’ म्हणून कार्डाचा नंबर पुन्हा द्यायचा. मेनू दुरुस्त करायला कार्डाचा नंबर लागत नाही. मी तिथेच थांबलो, आणि तुम्हालाही हात जोडून सांगतो, अशा वेळी समोरचा माणूस कितीही ‘सर, सर’ करत असला तरी कॉम्प्युटरचा ताबा देऊ नका.

पुढे आजीवन परवान्याची पैसेकपात पुन्हा झाली. अटींच्या तळाशी लिहिलेलं सापडलं: आजीवन म्हणजे त्या आवृत्तीपुरतं, आणि ‘किल्ल्यांची अपडेट’ सेवा दर वर्षी आपोआप नवी होणार. ती सेवा बंद करण्याची जागा खात्यात कुठेच नव्हती. मी बँकेकडे वाद नोंदवला, त्या व्यापाऱ्यासाठी कार्ड बंद करायला लावलं आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सपोर्टची उत्तरं, दोन ठिकाणी चाललेल्या मेनूचे फोटो जोडले. दुसऱ्यांदा कापलेली रक्कम परत मिळाली. पहिली मिळाली नाही. ‘सॉफ्टवेअर चालते आहे’ असं विक्रेत्याने कळवलं आणि बँकेने ते ग्राह्य धरलं.

याच साखळीत 4के डिस्कचं आमिष वेगळं आहे, तेही सांगून ठेवतो. अल्ट्रा एचडी ब्लू-रे कॉम्प्युटरवर अधिकृत मार्गाने बघायची तर तशी डिस्क वाचणारा ड्राइव्ह, एचडीसीपी २.२ (केबलमधून जाणारं चित्र कॉपी होऊ नये म्हणूनचं संरक्षण) मानणारा मॉनिटर आणि इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स नावाची, गुप्त माहिती सुरक्षित कप्प्यात ठेवणारी सोय लागते. इंटेलने अकराव्या पिढीपासून घरगुती कोअर प्रोसेसरमधून ही सोय काढून टाकली. म्हणजे नवाकोरा, महागडा कॉम्प्युटर घेतलात तर या मार्गाने ती डिस्क चालणारच नाही. ‘कुठल्याही कॉम्प्युटरवर 4के, मेनूसह’ असं कोणी लिहीत असेल, तर हे तिन्ही कसं जमवतो ते त्याला आधी लेखी विचारा. आणि साध्या ब्लू-रेच्या बाबतीत ट्रायलमध्ये तुमच्याच डिस्कचा मेनू उघडत नसेल, तर पैसे भरू नका. तपासायला अशी डिस्क घ्या जिचा मेनू तुम्ही टीव्हीवर पाहिलेला आहे. पार्श्वभूमी, संगीत, बटणांची जागा, सगळं ओळखीचं यायला हवं.

मला विकलेला प्लेअर आता त्या जुन्या नावाने दिसत नाही. मध्यंतरी वेगळ्या नावाची, वेगळ्या रंगाची एक वेबसाइट पाहिली. तीत मेनूचं चित्र होतं: काळसर पार्श्वभूमी, डावीकडे पोस्टर, उजवीकडे तीच चार बटणं.